उपासाच्या दिवशीची सुई

सातवीतून शाळा सोडलेली मी, पुण्यात एका मेसमध्ये पोळ्या लाटते. माय दर्यापूरकडच्या आमच्या गावात एकटी राहायची. तिला साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. एकदा सुई चुकली आणि ती दवाखान्यात पडली, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. रोज संध्याकाळी सातला पिठाच्या हातानंच फोन लावायची.

"माय, सुई घेतली का?"

"घेतली ना. तू काय डॉक्टरीण हायेस?"

पावसाळ्यात, वर्षावासातल्या त्या पौर्णिमेलाही मी एवढंच विचारलं. मायनं विहारात अष्टशील घेतलं होतं. म्हणजे दिवसभर आठ नियम पाळायचे, दुपारी बारानंतर अन्न नाही. मला हे ठाऊक होतं, लहानपणी मीही तिच्याजवळ बसायची. दिवसभर शंभर जणांना जेवू घालणारी मी, पण ही सुई उपाशीपोटी जाणार, हे काही डोक्यात आलं नाही. "घेतो आताच," ती म्हणाली. मी निर्धास्त झाले.

पहाटे शेजारच्या काकूंनी हाक मारली, तर आतून नुसतं कण्हणं. दार ढकललं. अंथरूण घामानं चिंब, मायचं बोलणं बोबडं. काकूंनाही तोच आजार, तीच सुई, म्हणून त्यांना कळलं. चमच्या-चमच्यानं साखरेचं पाणी पाजलं आणि जीप करून अमरावतीला नेलं. त्यांच्यामुळे माय मला बोलती भेटली. हे उपकार कुठे फेडू?

मी पोचले तेव्हा साखर ताळ्यावर आली होती, हृदय नव्हतं आलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत साखर फार उतरली की ठोके कधी मंदावतात, कधी सैरावैरा धावतात. यांचं हृदय आधीच कमजोर, त्याला ते झेपलं नाही.

"माय, काहून घेतली सुई उपाशी?" मी विचारलं.

"तू इचारते ना रोज. तुयाशी खोटं कसं बोलू? तेबी शीलच हाय." मग हसली. "उपासबी मोडला नाई, सुईबी चुकली नाई. दोनीकडं पास झाली मी. तू तं सातवीच."

तिसऱ्या दिवशी तिचं हृदय थांबलं.

सात वाजले की हात अजून फोनकडे जातो. आता काकूंना लावते.

"जेवल्या का, काकू?"

"जेवाले बसूनच राहिली वो बाई. सुईचं नाई इचारत?"

"आधी ताट वाढून घ्या. मंग सुई."

ताट ठेवल्याचा आवाज येईपर्यंत मी फोन ठेवत नाही.