गुरुवारची दारू शनिवारी चढत नाही

स्पेक्ट्रोनं झिंक नऊ टक्के दाखवलं. ऑर्डर पंपाच्या बुशची होती आणि त्यात फार तर सहा चालतं. स्पेक्ट्रो म्हणजे धातूवर ठिणगी पाडून त्यात काय काय आहे ते सांगणारं यंत्र. ते कुणाची भीड ठेवत नाही. भंगारात कुणीतरी पितळी नळ टाकले होते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि जस्तालाच आम्ही झिंक म्हणतो.

घोटावड्याच्या त्या फाउंड्रीत मी मेटलर्जिस्ट होते. माझ्या सहीशिवाय हीट, म्हणजे भट्टीत वितळलेला माल, साच्यात ओतायची नाही असा नियम होता. शेठनीच केलेला, कस्टमर ऑडिटला आले होते तेव्हा.

"उडवा की झिंक," शेठ म्हणाले. "दुपारी गाडी जायचीय."

उडवणं अवघड नसतं. तांबं वितळायच्या आधीच झिंक उकळतं. भट्टी तापवायची, वरून हवा मारायची. झिंकची वाफ निघून पेटते आणि पांढरा धूर होतो. तो ओढून पिशव्यांत गाळायला भट्टीवर हुड असतो, हुडला ब्लोअर आणि ब्लोअरला मोटर. आमच्या ब्लोअरची मोटर पंधरा दिवसांपूर्वी रिपेअरला गेली होती, ती गेलीच.

शुक्रवार होता, भट्टीवर बबनराव होते. माले गावचे, वीस वर्षांचा हात. गालात गुळाचा खडा. झिंक उडवायचं तर आधी गूळ खायचा, गूळ धूर मारतो, असा आमच्या शॉपचा रिवाज.

"बबनराव, मागच्या शुक्रवारी ताप आला होता ना?"

"त्येच्या आदल्या शुक्रवारी बी आलता. रातभर हुडहुडी. घाम सुटला की ग्येला. पन शनवारी खाडा पडला ना मॅडम. दोन मेमो झाल्यात. तिसरा आला की घरी."

मेमोत कारण लिहिलं होतं मद्यपान. आमची सुट्टी गुरुवारी. सुट्टीला प्यायला आणि शनिवारी झोपला, असा शेठचा तर्क. बबनराव गुरुवारी दत्ताचा उपवास धरतात, हे अख्ख्या शॉपला माहीत होतं.

माझं डोकं फिरलं, निम्मं स्वतःवरच. तो ताप झिंकच्या धुराचा. रोज धूर घेतला की शरीर निर्ढावतं. गुरुवारच्या सुट्टीसारखा एक दिवस खंड पडला की सवय मोडते, आणि पुन्हा धूर घेतला त्या रात्री ताप चढतो. हे मी कॉलेजात शिकले होते, तरी मागच्या दोन्ही शुक्रवारच्या हीटवर सही माझीच होती.

मी भट्टी कोळशाच्या चुऱ्यानं झाकायला सांगितली, पॉवर कमी केली आणि पॅनेलवर लाल टॅग लावला.

"सही होणार नाही."

"मॅडम, एका दारुड्यासाठी गाडी अडवताय?"

"गुरुवारची दारू शनिवारी चढते का शेठ? मोटर कुठंय?"

"सांगितलं ना, रिपेअरला."

बबनराव भट्टीकडं बघतच बोलले. "कोळवणला हाय. शेठच्या फार्महाऊसवर, कारंज्याला. मीच टेंपोत चडवून दिली."

शेठचा चेहरा लाल झाला.

"तुमच्यासारखे पन्नास मेटलर्जिस्ट मिळतील मला!"

"मिळतील की. दुपारच्या गाडीआधी एक आणा."

दोन वाजता जीपमधून मोटर आली. बुडाला शेवाळ होतं. फिटरनं ती तासाभरात बसवली. बबनरावांनी झिंक उडवलं, स्पेक्ट्रोनं साडेपाच दाखवलं, मी सही केली. गाडी उशिरा का होईना, गेली.

मग मी गाळणीच्या पिशवीतली पांढरी भुकटी माझ्या जेवणाच्या डब्यात भरली आणि डबा शेठच्या टेबलावर उघडला.

"हे रोज बबनरावांच्या छातीत जात होतं. दोन्ही मेमो मागं घ्या."

"बघू."

"आत्ता. उद्याच्या हीटलाही सही माझीच लागते."

त्यांनी मेमो फाडले.

झिंक धातूतून निघतं, पण नाहीसं होत नाही. ते कुठं गेलं हे विचारायला मला दोन शुक्रवार उशीर झाला.

शनिवारी सकाळी बबनराव वेळेवर भट्टीवर हजर होते, गूळ गालात होताच. माझ्या टेबलावर मेमो होता. कारण: उद्धटपणा. ते मात्र खरं होतं, म्हणून मी लगेच सही करून दिली.