मुरमाखालची विहीर

काळी आई सगळं पोटात घेते, असं माझे सासरे, आबा, प्रत्येक पाहुण्याला सांगत. आमच्या मळ्यात काळी आई दीड फूट होती. खाली मुरूम, आणि मुरूम काहीच पोटात घेत नाही.

मळा उताराला होता. केळीच्या खोडाभोवती युरिया पडे, मागोमाग पाटाचं पाणी सुटे, आणि केळीनं न खाल्लेला युरिया नायट्रेट होऊन मुरमातून तळाच्या विहिरीत उतरे. पलीकडच्या सपाट, खोल चिकणमातीत त्याला वाट शोधत बसावं लागलं असतं. आमच्याकडे ती मोकळी होती. यात माझी हुशारी काही नाही. अमळनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या तासाला मी झोपले नव्हते, एवढंच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी मुलगी दोन महिन्यांची होती, पावडरच्या दुधावर. ते दूध या विहिरीच्या पाण्यात कालवायचं नाही, असं मी सांगून टाकलं. अशा पाण्यानं तान्ह्या मुलांच्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही, ओठ निळे पडतात.

“चार पिढ्या याच पान्यावर वाढल्या,” आबा म्हणाले. “कोनाले काय झालं?”

“चार पिढ्यांनी युरिया किती टाकला, आबा?”

“मंग उकळून घे.”

“उकळलं की पाणी आटतं. नायट्रेट तेवढंच राहतं.”

सासूबाई चुलीकडे बघत म्हणाल्या, “अमळनेरवालीनं आपलं पानी बी नापास केलं.”

मी रोज सकाळी कळशी घेऊन मळ्यांच्या वर, माळावरच्या मेंढपाळांच्या विहिरीवर जाऊ लागले. बागायतदाराची सून परक्या विहिरीवर, तीही पारावरून. घराची अब्रू वाचवायला आबांनी गडी देऊ केला. त्यानं फक्त मागच्या वाटेनं जायचं होतं. मी नको म्हटलं आणि पारावरूनच जात राहिले.

दोन्ही विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून मी जळगावला तपासायला पाठवलं. माळावरचं पिण्याजोगं निघालं. आमच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेबाहेर. तान्ह्या बाळांना देऊ नये, असा शेरा.

आबांनी चष्मा लावून अहवाल दोनदा वाचला, घडी केली, खिशात घातला. त्या हंगामात केळीला त्यांनी युरिया निम्माच टाकला, आणि घड नेहमीएवढेच भरले.