ब्लोअर म्हणून आणलेला भोंगा

आमच्या गावच्या समाजमंदिरावर आज अडीअडचणीला गाव गोळा करायला जो लाल भोंगा बसवला आहे, तो मी ब्लोअर म्हणून विकत आणला होता. लोक अजून हसतात. हसू द्या. गोंदियाच्या भंगारवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, राइस मिल का ब्लोअर है भैया, आराम से धान उडाओ. मधे मोटर, दोन्ही टोकांना लोखंडी डबे, डब्यांत पंख्यासारखी पाती. म्हणजे दोन तोंडांचा ब्लोअर! एका तोंडाशी मी उभा राहीन, दुसऱ्याशी बायको, आणि एका दिवसात खळं मोकळं. मी तर जाम खूश.

बायकोनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, हवा निघणार कुठून? डब्यांच्या कडेला नुसत्या उभ्या फटी होत्या. मी म्हटलं, तुला मशीनमधलं काय कळते. मला तरी कुठं कळत होतं! पण एकदा बोललो की बोललो. मागं हटणं आमच्या खानदानात नाही.

हंगामाआधीपासूनच त्याच्या मागे लागलो. आत कुंभारमाश्यांनी मातीची घरं बांधली होती, ती खरवडली. बेअरिंग गंजून जाम. रॉकेलमध्ये भिजवलं, शिव्या घातल्या, शेवटी नवीनच टाकलं. मोटरची वाइंडिंग जळालेली, ती तिरोड्याहून भरून आणली. तोवर धान चुरून, म्हणजे मळून, झालं आणि नेमकं वारं पडलं. भुशासकट रास खळ्यावर तशीच. बायको म्हणे, भाड्यानं पंखा आणा. मी म्हणे, घरचा असताना कायले? आणि एका दुपारी बोदलकशाच्या तलावाकडून काळं भरून आलं. वर्षभराचं खाणं उघड्यावर पडलेलं, तेही माझ्या हट्टापायी.

थ्री फेज आली तशी विहिरीच्या स्टार्टरवरून तार ओढली आणि बटण दाबलं. आधी गुरगुरला, मग आवाज असा चढत गेला की बैल दावं तोडून पळाले. राशीतलं एक फोल हललं नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फिरत्या पात्यांनी त्या फटी भराभर उघडत होत्या, मिटत होत्या, आणि हवेचे तुकडे पाडत होत्या. ब्लोअर कसला, मिलमध्ये पाळी बदलताना वाजतो तो भोंगा होता. बंद करायला धावलो तर बटण अडकलं. शेवटी तार उपटली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

या दिवसांत असा गलका झाला की आमच्याकडे एकच समजतात: कुणाच्या तरी पुंजण्याला, म्हणजे कापलेल्या धानाच्या गंजीला, आग लागली. सारं गाव बादल्या भरभरून धावत आलं. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. बायकोनं मात्र पदर खोचला.

"आग नाही जी, पानी येऊन राह्यला. आलेच आहात त बादल्यायनं धान भरा."

आणि लोकांनी भरलं! आणलेलं पाणी ओतलं, बादल्या पुसल्या, धान पोत्यांत, पोती ओसरीत. शिव्या मला आणि कामही माझंच. थेंब पडायला लागले तेव्हा खळ्यावर नुसता भुसा होता.

शेवटचं पोतं पाठीवरून उतरवलं ते शेजारच्या काकाजींनी. म्हातारा माणूस, घरात एकटा. ते धापा टाकत होते आणि बायकोचं लक्ष धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, गेलं. काकाजींची रास त्यांच्या खळ्यावर उघडीच होती. पुन्हा सगळे धावलो. अर्धी वाचली, अर्धी भिजली. भिजलेलं धान आमच्या घरात आणून ओतलं.

मला असा राग आला! त्यांच्यावरच ओरडलो, "काकाजी, आभाळ दिसत होतं ना? सोताचं धान टाकून आमच्या इथं काऊन पोती उचलत बसले?"

काकाजींनी धोतराचा सोगा पिळला.

"बापू," ते म्हणाले, "आवाज तुह्या खळ्यातून आला. माह्या खळ्यातून कोठं आला?"

मी त्यांच्या ओल्या धानात हात घालून ते पसरत बसलो.