झोपेच्या पुडीचा माग

प्रयोगशाळेत त्यांना सगळे कडूकाका म्हणायचे. निम्मा दोष स्वभावाचा, निम्मा जिभेचा. काचेच्या कांडीवरचा कण जिभेला लावला की झोपेची पूड त्यांना लगेच कळायची. पण साहेबांना चव नको, आकडा हवा. म्हणून काका ते स्फटिक बारीक नळीत भरून तापवायचे, किती अंशांवर वितळतात ते बघायचे, मग त्यांत ओळखीची पूड मिसळून पुन्हा तापवायचे. आकडा हलला नाही, तर दोन्ही एकच. मग कोर्टात वकिलाचा बापही तोंड उघडू शकायचा नाही.

त्यासाठी चिमूटभर तरी माल हवा, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खायचं.

ही पूड पोटात टिकत नाही. माणूस दोन दिवस बेशुद्ध पडून मेला, तर ती बरीचशी लघवीत उतरलेली असते. आणि शवागाराचा मुकादम काय करायचा? टेबल घाण होऊ नये म्हणून चिरफाडीआधी प्रेताचं मूत्राशय दाबून रिकामं करायचा. मोरीत! बारा वर्षं काका त्याच्या नावाने खडे फोडत होते. सात अर्ज केले. वरून उत्तर यायचं, जठर आणि यकृत एवढे पुरेसे आहे. पुरेसं म्हणे! कधी टेबलापाशी फिरकायचं नसलं की सगळंच पुरेसं असतं.

त्या आठवड्यात एका तरुण बाईच्या जठर-यकृताच्या बरण्या आल्या. दोन दिवस झोपली ती उठलीच नाही. डॉक्टरने ‘हृदय अशक्त’ लिहून हात झटकले. तिच्या आईने पोलिसांच्या दारात ठिय्या दिला, म्हणून चिरफाड तरी झाली. आता ती रोज प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर येऊन बसायची. चार वर्षांची नात तिच्याकडे होती. विष सापडलं नाही, तर जावई पोरीला घेऊन जाणार होता.

काकांनी तीन दिवस खपून यकृताचा अर्क काढला. वाटीच्या तळाशी नुसता धुरकट डाग उरला. जिभेला कडू लागला, पण नळीत भरायला पुरेना. आणि काकांच्या जिभेवर कोर्ट थोडंच विश्वास ठेवणार?

ते तडक शवागारात गेले.

“लघवी कुठे आहे?”

“नेहमीच्या जागी,” मुकादम हात पुसत म्हणाला. “तुम्ही पण ना काका! लोक सोनंनाणं मागतात, तुम्ही हे!”

काकांनी हाताला लागली ती रिकामी बरणी भिंतीवर आपटली. काचा त्याच्या पायांपर्यंत उडाल्या. एवढ्याने त्यांचं काही समाधान झालं नाही.

परतताना मात्र त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन दिवस बेशुद्ध बाई, म्हणजे अंथरूण भिजलंच असणार! वाळलेल्या चादरीतूनही पूड काढता येते. म्हातारपण विसरून ते पायऱ्यांपर्यंत धावत आले.

“ताई, लेक ज्या चादरीवर होती ती कुठे आहे?”

“माझ्याकडेच की. ती गेली त्याच दिवशी उचलून आणली मी, गादीसकट.”

काकांना नाचावंसं वाटलं.

“उद्या आणते,” ती म्हणाली. “स्वच्छ आहे हो अगदी. सगळं ओलं केलं होतं तिने. माझी पोर अंथरुणात घाण करून गेली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तीन पाण्यांनी धुतली. गादी उसवून कापूससुद्धा धुतला.”

डॉक्टरचा, मुकादमाचा, वरच्या साहेबांचा सगळा संताप काकांच्या मनात उसळून आला. त्यातला एक थेंबही या बाईच्या वाट्याचा नव्हता.

तिने त्यांचा चेहरा वाचला. “धुवायला नको होती का?”

“छे, छे! चादरीत काय असणार? बरं केलंत धुतलीत ते.”

तिचा जीव भांड्यात पडला. कित्येक दिवसांनी ती हसली.

“मग आज लवकर जाते मी,” ती पिशवी उचलत म्हणाली. “नातीला सांगते, काका शोधतायत म्हणून.”