जास्वंदीची मागची बाजू

सकाळी आमच्या नांदेडच्या भरतकामाच्या ग्रुपवर मेसेज आला, यंदाच्या प्रदर्शनाला परीक्षक म्हणून मीच पाहिजे. हौसेनं माझ्या कामाची पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि अहमदपूरच्या शाळेतला हॉल आठवला.

वीस वर्षं झाली असतील. मी पहिल्यांदाच परीक्षक होते. मांडलेल्या प्रत्येक टेबलक्लॉथला हाच वास होता. मी एकेक कापड उलटून बघत होते, कारण खरा हात मागच्या बाजूला कळतो. खेड्यातून आलेल्या शांताबाई नावाच्या बाईंनी भरलेली लाल जास्वंद उलटली, तर मागंही तितकीच देखणी. एक गाठ नाही, एक लोंबता दोरा नाही.

"हे मशीनचं आहे," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

"न्हाई ताई, हातचंच हाय. सुई द्या, हितंच भरून दावते."

कुणीतरी सुई दिली. शांताबाईंनी गाठ न मारता दोऱ्याचं टोक जुन्या टाक्यांखाली सरकवलं आणि पाकळीत तीन टाके घातले. त्यांच्या काळ्या, भेगाळलेल्या बोटांकडं बघतानाच मला सगळं कळलं होतं. पण एकदा बोलून बसले होते.

"वेळ नाही," मी म्हणाले. "पुढचं दाखवा."

"बरं ताई," म्हणत त्यांनी जास्वंद आतल्या बाजूला घेऊन कापडाची घडी घातली.

आता ग्रुपवर बायका कौतुक करून राहिल्यात, ताईंच्या कामाची मागची बाजू बघत राहावी अशी. बिनगाठीचा दोरा कुठं शिकले, हे मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या तीन टाक्यांत शिकले.