कळीचा चुना

वरूडच्या संत्रापट्ट्यात गुलाम नबीचा चुना नावाजलेला होता. २००६ साली डिंक्या रोगानं झाडं वाळू लागली, तसं त्याला बागाबागांतून बोलावणं येऊ लागलं. मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मलम करायचं, खोडांना फासायचं. कळीचा चुना मात्र तो स्वतःच विरवायचा. पाणी पडताच ढेकळं फुटतात, ड्रम खदखदतो, म्हणून जवळ कुणाला उभं राहू देत नसे.

दिवाळीनंतर भगवंतरावांच्या बागेत त्यानं चुन्यावर पाणी ओतलं, पण चुना ढिम्म हलेना. दहा मिनिटांनी ड्रमला हात लावला, तर गार. विजेची लाइन जाऊन पंप बंद पडायची वेळ झाली होती आणि भगवंतराव घाई करत होते.

"मेलेला चुना हाय हा, आता तापत नाही," गुलाम नबी म्हणाला. "जाईबाई, तू ढवळ. मी तवर मोरचूद विरघळतो."

जाईबाई ही तिथली जुनी मजुरीण. तिनं काठी घातली, तळाची ढेकळं फोडली आणि पुढच्याच क्षणी ड्रम उसळला. उकळता चुना तिच्या उजव्या डोळ्यात गेला.

गुलाम नबीनं बादल्यांवर बादल्या ओतून डोळा धुतला. भगवंतरावांनी तिला जीपमधून अमरावतीला नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं विचारलं, तेव्हा गुलाम नबीच्या तोंडून निघून गेलं, "मी म्हटलं होतं दूर राय. तिनंच वाकून पाह्यलं."

जाईबाई शेजारच्या खाटेवर होती. डोळ्याला पट्टी होती, कानाला नव्हती. तिनं भिंतीकडे कूस वळवली.

डोळा गेला. गुलाम नबीला जेवण जाईना. ताटावर बसला की आवाज आठवायचा, तिच्या किंकाळीचा नव्हे, दवाखान्यातला स्वतःचा. शेवटी त्यानं लेकीपाशी मन मोकळं केलं. शाइस्ता शाळेत विज्ञान शिकवायची.

"पण ड्रम तर गार होता," तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

शाइस्तानं समजावलं. भट्टीत चुनखडी भाजते तेव्हा ती उष्णता शोषून घेते, त्याशिवाय तिचा चुना होतच नाही. पाणी भेटलं की त्यातली काही उष्णता चुना परत देतो. जास्त भाजलेल्या ढेकळांत पाणी हळू शिरतं, म्हणून सुरुवातीला बाहेर काही जाणवत नाही. काठीनं ती फुटली की आतल्या कोऱ्या चुन्याला एकदम पाणी लागतं आणि ती सगळी उष्णता एका झटक्यात सुटते.

"म्हणजे माझा दोष नव्हता?" त्यानं आशेनं विचारलं.

"चुना उशिरा तापला, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं अब्बा. पण ढवळ म्हणून तुम्हीच सांगितलं, ते तर ठाऊक होतं ना?"

दुसऱ्या दिवशी तो जाईबाईच्या दारात गेला. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"मी खोटं बोललो, जाईबाई."

"मले माईत हाय. म्या आयकलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"कोनं आयकलं असतं? घरात रोज बोलणी खाऊन राहिली मी. हिलेच अक्कल नाही म्हणते धनी." तिनं सुपावरून मान वर केली. "मले काय सांगतं, गुलामभाऊ? त्यायले सांग."

तिचा नवरा नत्थुजी खाटेवर बसला होता. गुलाम नबीनं त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, चुना मेला म्हटल्यापासून दवाखान्यातल्या वाक्यापर्यंत. मग भगवंतरावांकडे जाऊन तेच पुन्हा सांगितलं. त्याआधी ते ऐकून नत्थुजी उठून आत गेला होता, आणि आतून त्यानं बायकोला हाक मारली होती, कितीतरी दिवसांनी नावानं.

जाईबाईनं गुलाम नबीला माफ केलं असं काही म्हटलं नाही. त्यानंही माफी मागितली नाही. पुढच्या हंगामात ती पुन्हा बागेवर आली. तो मलम करायचा त्या बांधाकडे मात्र फिरकली नाही. गुलाम नबी आता चुना गार दिसला तरी तासभर थांबतो. घाई करणाऱ्या मालकाला तो त्या दिवसाचं सांगतो, आणि सांगताना दरवेळी त्याची मान खाली जाते.