पाहुण्यांच्या आधी निघालेल्या गायी

देवाशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे एक-दोन वेळा नव्हतो, पण शिरीषने मला सगळं सांगितलंय आणि शिरीष कधीही खोटं बोलत नाही; बायकोशी सोडून. गायी बारा होत्या. बरं, सहा होत्या. पण पळायला लागल्या की बारा वाटायच्या!

असे किस्से कुणी जमवत बसत नाही, ते आपोआप साचतात. गराजमधल्या खोक्यांसारखे. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं तेच तीन विषय होते: मुलांची कॉलेजं, हायवेचं ट्रॅफिक आणि कुणाचा तरी गुडघा. मग शिरीष देवने रँच घेतली. तेव्हापासून कुणी कुणाच्या गुडघ्याची चौकशीसुद्धा करत नाही.

*

शिरीष माझा जुना मित्र, पाइपलाइन कंपनीत इंजिनियर. त्याने आयुष्यात पाळलेला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे गोल्डफिश, आणि तोही वारला. पन्नाशी उलटल्यावर त्याला निसर्गाची ओढ लागली. गावापासून तासाभरावर जमीन घेतली. मग कुणीतरी सांगितलं, टेक्सासात जमिनीवर गायी चरत असल्या की ती शेती धरतात आणि टॅक्स उतरतो. झालं! टॅक्ससाठी गायी आल्या. गायींसाठी कुंपण आलं. कुंपणासाठी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरसाठी शेड आली. शेडवर टॅक्स आला.

सुनंदावहिनी, म्हणजे शिरीषची बायको, फार्मसिस्ट आहे. औषधाच्या बाटलीवरच्या लेबलइतकंच बोलते, पण वाचावं लागतं. ती म्हणाली, "टॅक्स वाचवायला गायी, गायी वाचवायला तू. आणि तुला वाचवायला कोण?"

शिरीषने मस्का लावून पाहिला. "अगं, तुझी आई डोंबिवलीत पहिली पोळी हातात घेऊन गाय शोधत फिरायची ना? बघ, इथे सहा-सहा!"

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस," वहिनी म्हणाली. "मी त्या गोठ्यात पाऊल टाकणार नाही."

तिथे गोठा नव्हताच. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

*

पहिल्यांदा गायी पळाल्या त्या वास्तुशांतीला.

रँचवर पूजा झाली, जेवणं झाली, बासुंदी झाली आणि मंडळी निघाली. आता आपल्याकडे 'निघतो' म्हणणं आणि निघणं यांच्यात किती अंतर असतं, ते तुम्हाला सांगायला नको. सोफ्यावरून उठून 'चला, निघतो.' दारात 'चला, निघतो.' गाडीपाशी परत कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा विषय. मग गोडबोलेकाकू डब्याचं झाकण विसरल्या म्हणून आत गेल्या. आमचे गोडबोलेकाका, म्हणजे रिटायर्ड हार्ट सर्जन, गेटच्या खांबाला टेकून नव्या पिढीच्या डॉक्टरांना काही येत नाही हे समजावून सांगत होते. फाटक सताड उघडं. कारण एक गाडी निघाली की लावू, असं ठरलं होतं.

पाऊण तासाने शिरीषने मागे वळून पाहिलं. एकही गाडी हलली नव्हती, पण सगळ्या गायी गेल्या होत्या!

गोडबोलेकाका म्हणाले, "मघाशी काहीतरी माझ्या शेजारून गेलं खरं. मला वाटलं, जोशी असतील."

*

गायी सापडल्या दोन मैलांवर, एका चर्चच्या हिरवळीवर. आम्ही सगळे झब्बे-पैठण्यांत तिथे पोहोचलो आणि लगेच कामाची वाटणी सुरू केली. कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून. कुणी म्हणालं, आधी ग्रुपवर लोकेशन टाका. एकाने व्हाइटबोर्ड आहे का विचारलं. चर्चच्या लॉनवर!

तेवढ्यात शिरीषचा शेजारी डेल पिकअपमधून उतरला. सत्तरीचा, वाळलेल्या ओकसारखा माणूस. बरोबर हँक नावाचा त्याचा काळा-पांढरा कुत्रा. डेलने शिट्टी मारली. हँक जागचा हलेना. परत शिट्टी. हँक कान टवकारून नुसता आमच्याकडे बघत राहिला.

डेलने हॅट काढली आणि फार नम्रपणे म्हणाला, "तुमच्यापैकी निम्म्यांनी बोलणं थांबवलं तर कुत्र्याला ऐकू येईल."

आम्ही गप्प बसलो. हँकने अर्धवर्तुळ मारलं, जमिनीसरशी दबत गायींच्या मागे गेला, आणि सहाच्या सहा गायी शाळेतल्या मुलींसारख्या ओळीने रस्त्याला लागल्या. आरडाओरडा नाही, भुंकणं नाही, मीटिंग नाही.

घरी जाताना वहिनीने निकाल दिला. "शिरीष, पुन्हा एकदा जरी या गायी बाहेर गेल्या, तर सरळ ऑक्शनला. जमीनसुद्धा."

शिरीषचा चेहरा पाहवेना. तोपर्यंत आम्हाला वाटत होतं की त्याला टॅक्सची काळजी आहे. त्याने गायींची नावं ठेवली होती, हे त्या दिवशी कळलं.

*

म्हणून शिरीषने झिप विकत आणली. गुरं वळायला शिकवलेली, हँकच्याच जातीची कुत्री. गोम एकच होती. झिपला सगळ्या आज्ञा शिट्टीच्या. आणि शिरीषला शिट्टी येत नाही! घरात शिट्टी वाजवली की पाठीत धपाटा, अशा घरात वाढलेला मुलगा. पन्नाशीत कुठून येणार?

मग व्हिडिओ बघून प्रॅक्टिस. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये एकदा म्यूट करायचं राहिलं. ह्यूस्टनच्या व्हाइस प्रेसिडेंटबाई स्लाइड दाखवत होत्या आणि शिरीषने दोन बोटं तोंडात घालून अशी काही शीळ घातली, की एचआरकडून बोलावणं आलं.

"कुत्रीसाठी होती ती," शिरीष म्हणाला.

हे वाक्य एचआरमध्ये कधीही म्हणू नका.

*

झिप हुशार होती, पण तिला रिकामं बसवत नसे. दिवाळीच्या पार्टीला गायी दूर चरत होत्या आणि समोर आम्ही. आमच्या पार्ट्या तुम्ही पाहिल्यात. पुरुष पॅटिओवर, बायका किचनमध्ये, आणि मध्ये अमेरिका-मेक्सिको सीमा. झिपच्या हिशेबाने हा एकच कळप फुटून दोन झालेला होता. तिच्याच्याने ते बघवेना.

तिने आधी पुरुषांना घेरलं. हळूहळू, पोटऱ्यांना नाक लावत, एकेकाला आत ढकललं. गोडबोलेकाका प्लेट घेऊन सटकायला गेले, तर त्यांच्यापुढे जमिनीला पोट लावून बसली आणि नुसती रोखून बघायला लागली. ऑपरेशन थिएटरमध्ये ज्यांच्यापुढे नर्सा थरथरायच्या, ते काका मुकाट वळले. वीस मिनिटांत सगळे नवरे आपापल्या बायकांसमोर, एका खोलीत!

कुणाला काय बोलावं सुचेना. शेवटी काका पॅटिओवर अर्धा राहिलेला विनोद पुढे सांगायला लागले.

काकू आश्चर्याने म्हणाल्या, "हे इतकं बोलतात?"

*

दुसऱ्यांदा गायी पळाल्या ते वहिनीला आजवर माहीत नाही. असं आम्हाला वाटायचं.

शनिवार दुपार, वहिनी दुकानात ड्यूटीवर. गायींनी रस्त्याकडच्या कोपऱ्यातली तार वाकवली आणि शेजारच्या नव्या कॉलनीत शिरल्या. त्या कॉलनीत नियमांचं भारी प्रस्थ. घराला रंग कुठला, कचऱ्याचा डबा किती वाजता आत, सगळं ठरलेलं. एक बाई हातात नियमावली घेऊन आमच्या अंगावर आल्या. "इथे दोनपेक्षा जास्त पाळीव प्राण्यांना परवानगी नाही!"

शिरीष म्हणाला, "मग मी चार घेऊन जातो."

तेवढ्यात वहिनीचा फोन. शिरीषने आम्हाला दबक्या आवाजात गप्प केलं. गायींना कोण गप्प करणार? त्याच्या कानाशीच एकीने असा काही हंबरडा फोडला की बास.

"कसला आवाज आहे?" वहिनी.

"टीव्ही. प्राण्यांचा प्रोग्रॅम लागलाय."

वहिनी म्हणाली, "बरं. येताना दूध आण."

झिप आणि हँक दोघांनी मिळून गायी परत आणल्या. डेल तारेचा तो वाकलेला कोपरा बराच वेळ बघत उभा राहिला. म्हणाला, "नेहमी इथूनच. पळणारी गाय कुठूनही पळते. या पळत नाहीयेत. या कुणाकडे तरी जातायत."

टेक्सासच्या उन्हात म्हातारी माणसं काहीबाही बोलतात. आम्ही लक्ष दिलं नाही.

*

आणि आता शेवटचा. याची मात्र खरीच शपथ.

गेल्या उन्हाळ्यात वादळ झालं आणि ओकचं झाड कुंपणावर आडवं झालं. गुरुवारची दुपार. शिरीषचा मला फोन, "लवकर ये. थेट हायवेला लागल्यात." मी गोडबोलेकाकांना उचललं आणि सुटलो. पोहोचतो तर गायी हायवेच्या कडेच्या गवतात आणि एक तरुण डेप्युटी शेरीफ दिवे लावून उभा. म्हणाला, "सर, लगेच हलवा. नाहीतर मला ट्रेलर बोलवावा लागेल. मग त्या जप्त होतील आणि तिथून ऑक्शन."

ऑक्शन! शिरीषने माझ्याकडे पाहिलं. इकडून सरकार, तिकडून सुनंदा, आणि शब्द तोच.

डेल हॉस्पिटलमध्ये, खुब्याचं ऑपरेशन. हँक त्याच्या मुलीकडे. उरली झिप. शिरीषने शिट्टी मारायला बोटं तोंडात घातली, पण तोंडाला कोरड पडलेली, नुसती हवा. झिप तरी स्वतःच्या अकलेने फिरली. पण ट्रक भर्रकन जायचे, गायी बिथरायच्या, आणि जमवलेला कळप परत फुटायचा. गोडबोलेकाकांनी नातवाचा ड्रोन आणला होता. "वरून वळवतो," म्हणाले आणि उडवला. बघता बघता दोन गायी थेट डांबरावर! एका ट्रकने करकचून ब्रेक मारला. शिरीष रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि ओरडायला लागला, "यमू! गोदा! मागे फिरा गं!" आवाज रडका. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. असा आवाज ऐकला नव्हता.

आणि तेवढ्यात डेप्युटीच्या गाडीमागे पांढरी टोयोटा येऊन थांबली.

सुनंदावहिनी.

आम्ही तिघंही पुतळे. काकांनी रिमोट मागे लपवला. ड्रोन वर घोंघावतोय तो घोंघावतोय.

वहिनी उतरली. अंगावर फार्मसीचा पांढरा कोट. कुणाला काही विचारलं नाही. गाडीत दुपारच्या उरलेल्या पोळ्यांचा डबा होता, तो काढला आणि गवतात उतरली. झाकण उघडून त्यावर दोनदा टकटक केलं, बास. हाक नाही, शिट्टी नाही.

डांबरावरच्या दोघींनी माना वळवल्या. मग सहाही जणी निघाल्या. पळत नाही, आपल्या चालीने, भाजीबाजारात ओळखीची बाई दिसावी तशा. गोदेने तर सरळ वहिनीच्या कोटाचा खिसा हुंगला. वहिनी पुढे, मागे गायी, आणि त्यांच्या मागे झिप. कुणी सांगितलं नव्हतं, तरी शेपूट खाली घालून शहाण्यासारखी. रँचपर्यंत सगळी वरात चालत गेली आणि डेप्युटी दिवे लावून हळूहळू मागून.

गायी आत गेल्या. आम्ही ओकच्या फांद्या ओढून भगदाड बुजवलं. डेप्युटीने हॅट काढली. "मॅडम, तुम्ही कुठल्या रँचवर वाढलात?"

"डोंबिवली ईस्ट," वहिनी म्हणाली.

शिरीष तोवर कसाबसा जवळ आला. "सुनंदा, मग आता... ऑक्शन?"

"कसलं ऑक्शन?"

"म्हणजे, गायी बाहेर गेल्या ना."

"कुठे गेल्या?" वहिनी कोट झटकत म्हणाली. "माझ्याबरोबर पाय मोकळे करायला आल्या होत्या." आणि गाडीत बसून ड्यूटीवर निघून गेली. 'चला, निघतो' न म्हणता!

*

आता कबुली. यात एक गोष्ट मी बनवून घातली आहे. व्हाइटबोर्डची नव्हे, तो खरंच मागितला होता.

हे लिहितोय कळल्यावर वहिनीने मला फोन केला होता. म्हणाली, "भाऊजी, काय वाट्टेल ते लिहा. फक्त पोळ्या दुपारच्या उरलेल्या होत्या, असं लिहा." म्हणून तसं लिहिलं.

मी डब्याच्या बाजूलाच उभा होतो. झाकण उघडलं तेव्हा वाफ आली. आत गूळ घालून गुंडाळलेल्या सहा पोळ्या होत्या आणि वर एक छोटी, झिपपुरती.